समोच्चारी शब्द आणि कामगारांचे शुद्धलेखन



काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक कामगार आपला परत आलेला अर्ज घेऊन आला. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. नुकसानभरपाईचा अर्ज त्याने कोणालाही न विचारता स्वतःच्या हाताने, म्हणजे डाव्या हाताने, लिहिला होता. त्यात वाक्य होते : 'मला दुसऱ्या पायीत इजा झाली, तरी भरपाई मिळावी.' डॉक्टरांच्या दाखल्यात उजवा हात आणि अर्जात दुसरा पाय! ज्या कचेरीत तो अर्ज गेला, तेथील कारकुनाने त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात 'खुलासा करावा' एवढेच लिहिले होते. खुलासा होऊन कागद पुन्हा हलेपर्यंत सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत त्या घरात पगार नव्हता.

आपल्यापैकी जे वऱ्हाडात वाढले असतील, त्यांच्या ध्यानात ही गंमत, किंवा खरे म्हणजे ही आपत्ती, एव्हाना आली असेल. त्याला 'पाय' म्हणायचेच नव्हते. त्याला 'पाळी' म्हणायचे होते. दुसरी पाळी, दुपारी सुरू होऊन रात्री सुटणारी. तो अकोल्याकडचा. त्याच्या घरी डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया म्हणतात आणि पाळीला पायी म्हणतात. कारकुनाला वाटले, अडाणी माणसाने 'पायात'चे 'पायीत' केले. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते आणि कागद मात्र अडला होता.

'जसे ऐकाल तसे लिहा, आपली लिपीच तशी आहे,' असे आपण शाळेत सगळ्यांनीच ऐकलेले आहे. त्या गड्याने हा उपदेश अक्षरशः पाळला. मग चूक कोणाची? या प्रश्नाने मला शुद्धलेखनाकडे वळवले. मी व्याकरणपंडित नव्हे. माझे शाळेतले शिक्षण आठवीला थांबले. पुढचे झाले ते वाचनालयात आणि वाटाघाटींच्या टेबलापाशी. करारात 'पासून' आहे की 'पर्यंत' आहे, यावर शेकडो माणसांची थकबाकी अवलंबून असते, हे एकदा पाहिले की शब्दाकडे बारकाईने पाहण्याची सवय लागते. गेली काही वर्षे रविवारी दुपारी आम्ही कचेरीत एक वर्ग चालवतो. अर्ज कसा लिहावा, हजेरीपुस्तक कसे वाचावे, असले शिकवता शिकवता तो शुद्धलेखनाचा वर्ग होऊन बसला. त्या वर्गात मी जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम नेहमीची उदाहरणे घेऊ. उच्चार सारखा आणि अर्थ निराळा अशा शब्दांच्या जोड्या शालेय पुस्तकांतून दिलेल्या असतात. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. निज म्हणजे स्वतःचा आणि नीज म्हणजे झोप. सुर म्हणजे देव आणि सूर म्हणजे गळ्यातला. विद्यार्थी ही यादी पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो. विसरतो याचे कारण त्याची बुद्धी मंद हे नव्हे. त्याच्या कानाला त्या दोन शब्दांत काहीच फरक ऐकू येत नाही, आणि फरक का ऐकू येत नाही हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ते कारण सांगण्यासारखे आहे. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण गिळून टाकतो. 'दिन' म्हणताना शेवटी 'न्' एवढाच उच्चार होतो. आणि असा शेवटचा 'अ' गिळला की त्याच्या आधीची इ किंवा उ आपोआप लांबते. खीर, वीट, तूप, फूल, बहीण, वकील, गरीब ही सारी या एकाच चालीची. म्हणून लेखनाचे नियम करणाऱ्यांनी ठरवले की, अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य इ-उ दीर्घ लिहावी. हा नियम कानाने केलेला आहे आणि कानानेच पाळता येतो. परंतु त्यालाच एक अपवाद जोडलेला आहे : संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र संस्कृतात असतील तसे लिहावेत. गुण, विष, रसिक, मंदिर, दिन. तोंडाने आपण या सर्वांत दीर्घच म्हणतो. लिहायचे मात्र ह्रस्व. म्हणजे 'दिन' बरोबर लिहिण्यासाठी आमच्या फिटरने आधी ओळखले पाहिजे की हा शब्द संस्कृत आहे, आणि मग संस्कृतात तो ह्रस्व आहे हेही त्याला ठाऊक पाहिजे.

याचा प्रसाद आम्हांला एकदा १ मेच्या आदल्या रात्री मिळाला. त्या दिवशी आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकदमच येतात. फ्लेक्स छापून आला आणि उलगडून पाहतो तो हातभर उंचीच्या अक्षरांत 'कामगार दीन'! मी कपाळाला हात लावला. शेजारी उभा असलेला एक जुना गडी म्हणाला, "भाऊ, खोटं काय लिवलं त्यात?" हसलो सगळे, पण रात्री अकरा वाजता शिडी लावून त्या दीर्घ वेलांटीवर रंगाचा कुंचला फिरवावा लागला तो लागलाच. या दोन शब्दांची जोडी आता माझ्या वर्गात कोणी चुकत नाही, कारण ती मी यादीतून शिकवत नाही. दिनाच्या घरात दिनांक, दिनदर्शिका, दिनक्रम राहतात. दीनाच्या घरात दीनदुबळा राहतो आणि 'दीनबंधु' राहतो. हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवले. याच लोखंड्यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. पत्राचे नाव 'दिनबंधु' लिहिले तर तो दिवसाचा भाऊ होईल, हे एकदा सांगितले की पुरते. शब्द एकटा शिकवला तर टिकत नाही, त्याच्या नातलगांसकट शिकवला तर टिकतो.

याच कारणाने सुट्या शब्दांचे श्रुतलेखन मी बंद केले. मास्तरांनी 'दिन' असा एक शब्द उच्चारला तर तो दिवस की गरीब हे ब्रह्मदेवालाही ओळखता यायचे नाही. तरी कित्येक वर्गांत असे श्रुतलेखन घेतात आणि लाल शाई वापरतात. समोच्चारी शब्द सांगायचा तर वाक्यात सांगितला पाहिजे. हल्ली मोबाइलवर लिहिणारी मुले म्हणतात, तो आपोआप शब्द सुचवतो. सुचवतो खरा; पण दिन आणि दीन दोन्ही समोर ठेवतो, आणि बोट कशावर ठेवायचे ते आपल्यालाच ठरवावे लागते.

आता पाळीकडे परत जाऊ, कारण खरा विषय तेथे आहे. पुस्तकातल्या याद्या ज्यांनी केल्या, त्यांच्या कानाला पाळी आणि पायी हे समोच्चारी शब्द नाहीतच! त्यामुळे कोणत्याही यादीत ही जोडी सापडायची नाही. परंतु अकोल्या-अमरावतीच्या माणसाला ती आहे. आणि नागपूरच्या पूर्वेला, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत गेले, तर तेथे ळ चा य होत नाही, र होतो. म्हणजे 'माळ' हा एक शब्द घ्या. एका मुलाच्या कानात ती 'माय' होते आणि त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्याच्या कानात ती 'मार' होते. 'गाळ' एकाला गाय वाटतो, दुसऱ्याला गार. फुलांची माळ घाला म्हटले तर एक आईकडे बघेल आणि दुसरा पळ काढील! नागपूर हे शहर असे, की येथे हिंगण्याच्या नाही तर बुटीबोरीच्या एकाच कारखान्यात हे दोघेही एकाच यंत्रावर असतात. म्हणून माझ्या वर्गात कोणी नवा आला की मी आधी त्याला लिहायला सांगत नाही. गावाकडचे काही बोल म्हणतो, आणि ऐकतो. त्याच्या तोंडात कोणते दोन वर्ण एक झाले आहेत हे कळले की त्याच्या चुकांची यादी मी त्याने लेखणी उचलण्याआधीच करू शकतो.

या बोलीला कोणी अशुद्ध म्हणाले की मला राग येतो. मराठीतले पहिले मोठे गद्य, म्हाइंभटांचे लीळाचरित्र, तेराव्या शतकात याच विदर्भात, ऋद्धिपुरास रचले गेले. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीत १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडी-नागपुरीची रीतसर नोंद आहे. घरी त्या गड्याची माय पायीच म्हणणार आणि तोही तिच्याशी पायीच म्हणणार; त्यात बदल करायला मी कोण? मी त्याला एवढेच सांगतो की, अर्ज तुझ्या मायला जात नाही, अनोळखी माणसाला जातो. तो अनोळखी माणूस तुझा आवाज ऐकत नाही, अक्षर बघतो.

मग ळ कोठे लिहावा हे त्याने ओळखावे कसे? पुष्कळ दिवस मी शब्द पाठ करून घेत होतो आणि त्याचा परिणाम उलटा झाला. चुकेल या भीतीने माणसे जेथे तेथे ळ घालू लागली. एकाने 'उपाळ' लिहिले, एकाने 'गाय-म्हैस'चे 'गाळ-म्हैस' केले. शेवटी उपाय सापडला तो पुस्तकात नाही, नागपूरच्या रस्त्यावर. आपण नागपूरकर सगळे हिंदी बोलतो. १९५६ पर्यंत हे शहर दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते, आणि ती सवय अजून गेलेली नाही. तर शंका आली की तो शब्द हिंदीत म्हणून पाहा. हिंदीत तेथे ल आला तर मराठीत ळ लिहा. काया? हिंदीत काला, म्हणून काळा. गोयी? गोली, म्हणून गोळी. फय, थायी, नय? फल, थाली, नल. म्हणून फळ, थाळी, नळ. आणि गाय हिंदीतही गायच, म्हणून ती गायच राहू द्या. त्या बोटे गेलेल्या गड्यालाच मी विचारले, हिंदीत दुसऱ्या शिफ्टला काय म्हणतात? तो म्हणाला, "दूसरी पाली." आणि स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

परंतु हीच हिंदी दुसऱ्या दोन ठिकाणी दगा देते. एक ण च्या बाबतीत. आपल्याकडे ण चा न सर्रास होतो, आणि हिंदीतही पुष्कळदा तेथे न च असतो. पाणी तेथे पानी आहे. तेव्हा तिला विचारण्यात अर्थ नाही. येथे जिभेलाच शिकवावे लागते. न म्हणताना जीभ दातांपाशी जाते आणि ण म्हणताना ती वर वळून टाळूला लागते, हे आरशात बघून चार दिवसांत जमते. मोठी माणसे प्रथम लाजतात, मग पोरांसारखी 'बाण, बाण' करीत बसतात. एकदा जिभेला दोन वर्ण निराळे झाले की कान आपोआप जागा होतो. 'कोन' आणि 'कोण' ही जोडी मी फॅब्रिकेशनमधल्या मुलांसाठी ठेवली आहे, कारण गुण्या लावून कोन तपासणे हे त्यांचे रोजचे काम. त्यांतही एक खोडी आहे : त्रिकोण आणि षट्कोण यांत ण, परंतु चौकोन आणि काटकोन यांत न. पहिले दोन संस्कृतातून आले, दुसरे दोन मराठीत घडले.

येथे संस्कृत जाणणाराही सुटत नाही, हे पाहून मला (क्षमा असावी) थोडा आनंद होतो. संस्कृतात कर्ण आणि पर्ण यांत ण आहे. मराठीत त्यांचे कान आणि पान झाले, न आला. उलट संस्कृतात जन आणि पानीय यांत न आहे. मराठीत त्यांचे जण आणि पाणी झाले, ण आला. म्हणून चार जण म्हणायचे आणि बहुजन लिहायचे. आमच्या सभेच्या इतिवृत्तात एकदा 'बारा जन उपस्थित होते' असे आणि खाली 'बहुजण समाज' असे आले होते. दोन्ही शब्दांनी एकमेकांची टोपी घातली होती.

हिंदी दगा देते ते दुसरे ठिकाण म्हणजे आपल्या शहराचे नावच. हिंदीत नागपुर, मराठीत नागपूर. पुर हा शब्द संस्कृत. वर सांगितलेल्या अपवादाप्रमाणे तो ह्रस्व राहायला हवा होता. परंतु नियम करणाऱ्यांनी स्पष्ट लिहिले की गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहावा. नागपूर, सोलापूर, चंद्रपूर. म्हणजे येथे त्यांनी संस्कृतापेक्षा कानाचा कौल मानला.

हे नियम कोणी केले? पुण्याने केले असे आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात आहे, पण ते तितकेसे खरे नाही. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले त्यात पुणे, मुंबई आणि मराठवाडा यांच्या संस्थांबरोबर नागपूरचा विदर्भ साहित्य संघही होता. महामंडळाचे चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चार पडले, आणि तेच अठरा आजही चालतात. १९६२ पूर्वी पाण्यातली ती 'नाव' आणि माणसाचे ते 'नांव', असा भेद अनुस्वाराने दाखवीत असत. तो न उच्चारला जाणारा अनुस्वार नियमाने काढून टाकला. दोन्ही शब्द कागदावरही सारखे झाले. त्यामुळे कोणाचा घोटाळा झाला? अर्जात 'नाव' या रकान्यात होडीचे वर्णन कोणी केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, गावाच्या नावाला जी सवलत मिळाली आणि नावाला जी मिळाली, ती संस्कृत शब्दांच्या ह्रस्व-दीर्घालाही मिळायला हवी. 'गूण' असे लिहिल्याने विद्या बुडत नाही. वाक्यात अर्थ कळतोच. याला विरोध करणारे विद्वान पुष्कळ आहेत आणि त्यांचे एक म्हणणे मला पटतेही : वाचणाऱ्याच्या डोळ्याला भेद दिसला तर वाचन जलद होते. परंतु तो भेद पाळण्याचे ओझे लिहिणाऱ्यावर पडते, आणि लिहिणारा जर पहिल्या पिढीतला असेल तर त्या ओझ्याखाली तो लिहिणेच सोडून देतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून जोतीराव फुल्यांच्या लेखनातील भाषेची टवाळी केली होती. जोतीराव लिहीत राहिले. प्रत्येकाची छाती एवढी नसते. मात्र मी युनियनचा माणूस आहे. करार पसंत नसला तरी नवा होईपर्यंत जुना पाळावा लागतो. नाही तर आपलाच माणूस अडकतो. म्हणून वर्गात मी अठराही नियम शिकवतो आणि बाहेर ते बदला म्हणतो.

आणखी एका जोडीचा उल्लेख करतो, कारण तिच्यात आमच्या धंद्याचे मर्म आहे. उपाहार म्हणजे फराळ, हलके खाणे. उपहार म्हणजे भेट, नजराणा. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे मालकाने खाण्याची सोय करावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात केली गेली, आणि कारखान्या-कारखान्यांतून पाट्या लागल्या. पुष्कळ पाट्यांवर मी 'उपहारगृह' असे वाचले आहे. एका काना गेला आणि भांडून मिळवलेला हक्क मालकाची भेट झाला! येथे मात्र मी काना मागतो. तसेच 'निवृत्तिवेतन' यात ति ह्रस्व, कारण समासात संस्कृत शब्द पुढे आला की त्याची मूळची इ परत येते. सुटा लिहिला तर निवृत्ती. आणि दसऱ्याच्या दिवसांत शहरभर लागणाऱ्या फलकांवर दीक्षाभूमीची 'दिक्षाभुमी' झालेली दिसते. ज्याने ती लिहिली त्याचा कान किडा, विळी, सुरी या मराठी चालीवर तयार झालेला असतो. तेथे शेवटचा स्वर दीर्घ असला की आधीचा ह्रस्व होतो. त्याने नियम मोडलेला नसतो, नको तेथे लावलेला असतो. त्याला हे असे समजावून सांगितले तर तो ऐकतो. हसून दाखवले तर पुढच्या वर्षी फलक इंग्रजीत लावतो.

ळ साठी हिंदीची जी कसोटी मी सांगितली, ती मी फार दिवस अभिमानाने मिरवीत होतो. गेल्या पावसाळ्यात वर्गात घरकाम करणारी एक बाई येऊ लागली. मुलीच्या शाळेला चिठ्ठी लिहायची म्हणून ती शिकत होती. तिने फळ्यावर 'कायजी घ्यावी' असे लिहिले, क्षणभर थांबली आणि पुसले. मला म्हणाली, "भाऊ, कालजी त हिंदीत नाई. मंग?" खरेच; काळजीला हिंदीत तसा भाऊ नाही. डोळ्यालाही नाही. माझी कसोटी तेथे थांबली होती. मी शब्दकोश काढला, तिनेच पाने उलटली, आणि काळजी सापडल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली. हिंदीला विचारून न कळणाऱ्या ळ चे ते पान आता वर्गात प्रत्येकाच्या वहीत आहे. परवा मोजले तेव्हा तिच्या वहीत एकेचाळीस शब्द झाले होते.